कोंबड्यांचे जंत आणि रानपाखरांवरचा आळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पक्ष्यांच्या आजाराची बातमी छापून येते ती बहुतेक वेळा बर्ड फ्लूची. तो झपाट्याने पसरतो, म्हणून ती यायलाच हवी. पण बारा महिने कोंबड्यांना आतून-बाहेरून पोखरणारे जंत, रक्ती हगवण, उवा, गोचीड आणि लाल किडे यांच्याबद्दल अवाक्षर निघत नाही. विषय निघालाच, तर आळ ठरलेला असतो : चिमण्या आणि पारवे रोग आणतात. मग घरटी पाडली जातात, पाखरे हाकलली जातात आणि खुराड्यातली ओली गादी, म्हणजे जमिनीवर पसरलेला भुसा, तशीच राहते. आम्ही पक्ष्यांच्या आजारांवर काम करणारे पशुवैद्यक आहोत आणि हा आळ बव्हंशी चुकीचा आहे हे कारणांसह सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहोत. प्रत्येक परोपजीवीची वाट ठरलेली असते. ती वाट ओळखली तर आजार अडवता येतो. न ओळखता केलेली औषधफवारणी आणि पाखरांची हकालपट्टी दोन्ही फुकट जातात.

सर्वाधिक पिल्ले ज्याने दगावतात त्या रक्ती हगवणीपासूनच सुरुवात करू. हा आजार आयमेरिया नावाच्या एकपेशीय जीवामुळे होतो. कोंबडीत त्याच्या सात प्रमुख जाती आढळतात आणि त्या कोंबडीतच वाढतात. चिमणीच्या पोटातला तिचा स्वतःचा परोपजीवी कोंबडीला आजारी पाडत नाही, कोंबडीचा आयमेरिया चिमणीला लागत नाही. टर्कीच्या जाती वेगळ्या, बदकाच्या वेगळ्या. तेव्हा पिल्लांच्या शिटेत रक्त दिसले की चिमण्यांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. चिमणीच्या पायाला चिकटून थोडीफार घाण इकडची तिकडे जाऊ शकते, पण तेवढे काम माणसाच्या चपला, पाट्या आणि फावडी कितीतरी पटींनी जास्त करतात.

खरे कारण गादीत असते. आजारी किंवा वरवर धडधाकट कोंबडीच्या शिटेतून परोपजीवीचे बीजकोष बाहेर पडतात. पडतात त्या क्षणी ते निरुपद्रवी असतात. त्यांना प्राणवायू, ओल आणि २५ ते ३० अंश सेल्सिअसची ऊब मिळाली, की एक ते दोन दिवसांत ते पिकतात आणि मगच लागण करतात. यातली ऊब आणि हवा आपण काढून घेऊ शकत नाही, ओल मात्र काढू शकतो. गादीची ओल पाहायची सोपी रीत आहे. मूठभर भुसा उचलून घट्ट आवळा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर गादी फार ओली. गोळा होऊन हळूहळू भुगा झाला तर ठीक. अजिबात धरला नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडी. ही तपासणी पाण्याच्या भांड्याभोवती हातभर अंतरात करावी, कारण सगळे तिथेच घडते. इतर सगळी गादी कोरडी आणि भांड्याभोवती चिखलाचे कडे, हेच चित्र रक्ती हगवण झालेल्या बहुतेक खुराड्यांत असते.

भांड्याचा काठ पिल्लाच्या पाठीच्या उंचीला असावा आणि पिल्ले वाढतील तसा वर घ्यावा. खाली ठेवलेल्या भांड्यात पिल्ले पाय घालतात, पाणी उडवतात आणि त्यातच शिटतात. भांड्याखाली जाळीची चौकट ठेवली तर सांडलेले पाणी जाळीखाली राहते आणि चोच तिथवर पोचत नाही. ओला झालेला भुसा उलथून आत ढकलू नये, उचलून बाहेर न्यावा. तो खाली गाडला की ऊब आणि ओल दोन्ही टिकतात.

आजार दिसतो तो बहुधा तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत. पिल्ले पंख पाडून, पिसे फुगवून कोपऱ्यात गोळा होतात, तुरा फिकट पडतो, खाणे सुटते. इथे एक गफलत नेहमी होते. कोंबडी दिवसातून काही वेळा तपकिरी, चिकट, घाण वासाची शीट टाकते. लहान आतडे संपते तिथे बंद टोकाच्या दोन लांब पिशव्या असतात, त्यांना अंधआंत्र म्हणतात; ती शीट तिथून येते आणि निरोगीपणाचीच खूण असते. तिला हगवण समजून औषधे चालू केली जातात. उलट त्याच शिटेत लाल रक्त दिसले तर एक तासही दवडू नये.  आयमेरिया टेनेला ही जात अंधआंत्रातच वाढते. लागण झाल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी रक्तस्राव सुरू होतो, पण बीजकोष शिटेत यायला सहावा-सातवा दिवस उजाडतो. म्हणजे रक्त दिसले त्या दिवशी शीट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर अहवाल 'काही आढळले नाही' असा येऊ शकतो आणि मालक चुकीच्या दिशेला जातो. अशा वेळी नुकतेच मेलेले पिल्लू उघडून पाहणे हाच खात्रीचा उपाय. दोन्ही अंधआंत्रे फुगून काळपट लाल झालेली असतात, चीर दिली की आत रक्ताच्या गाठी आणि आतल्या अस्तराचे निघालेले पापुद्रे दिसतात. हे एकदा पाहिले की विसरत नाही.

उपचार म्हणून अँप्रोलियम पाण्यातून देतात. तीव्र साथीत मात्रा ०.०२४ टक्के, म्हणजे २० टक्के तीव्रतेची पूड असेल तर एक लिटर पाण्याला १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस. पुढे एक-दोन आठवडे ०.००६ टक्के, म्हणजे लिटरला ०.३ ग्रॅम. पाणी रोज ताजे करावे आणि त्या काळात दुसरे कोणतेही पाणी मिळता कामा नये. छपरावरून ठिबकणारे डबकेसुद्धा नाही. चूक नेमकी कुठे होते ती सांगतो. अँप्रोलियम हे जीवनसत्त्व ब१ ची नक्कल करून परोपजीवीला उपाशी मारते. पिल्ले मलूल झाली म्हणून त्याच वेळी पाण्यात जीवनसत्त्वांचे टॉनिक घातले, की परोपजीवीला खरे ब१ मिळते आणि औषध निकामी ठरते. टॉनिक द्यायचेच तर उपचार संपल्यावर. दुसरी चूक म्हणजे चमच्याने मापणे. पूड वजन करूनच घ्यावी. आजारी पिल्ले खात नाहीत पण पाणी पितात, म्हणून खाद्यात औषध मिसळण्यापेक्षा पाणीच बरे.

निर्जंतुकीकरणाच्या नावाखाली फिनेल किंवा ब्लीच शिंपडणे इथे उपयोगाचे नाही. बीजकोषांचे कवच या द्रव्यांना दाद देत नाही. उकळते पाणी, वाफ आणि कडक वाळवण यांनी ते मरतात. १० टक्के अमोनियाही मारतो, पण तो रिकाम्या, बंद खुराड्यातच, तोंडाला योग्य मुखवटा लावून, आणि ब्लीचशी कधीही न मिसळता वापरावा. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो. परोपजीवी शून्यावर आणण्याचा हट्टही धरू नये. थोडीथोडी लागण होत राहिली तर पिल्लांत प्रतिकारशक्ती तयार होते, मात्र प्रत्येक जातीविरुद्ध ती वेगळी असते. जिवंत लस याच तत्त्वावर चालते. म्हणूनच लस दिलेल्या पिल्लांच्या खाद्यात रक्ती हगवणविरोधी औषध असेल तर लशीचाच बळी जातो. खाद्याच्या पिशवीवरचा मजकूर न वाचल्यामुळे ही चूक होते.

आता जिथे रानपाखरांचा संबंध खरोखर येतो तिथे येऊ. लाल किडा हा बारीक रक्तपिपासू जीव दिवसा कोंबडीच्या अंगावर राहत नाही. तो बसायच्या दांड्याच्या खाचेत, खिळ्याच्या भोकात, अंडी घालायच्या खोक्याच्या सांध्यात दडतो आणि रात्री बाहेर पडून रक्त पितो. दिवसा कोंबडी तपासून 'किडे नाहीत' म्हणणारे म्हणूनच फसतात. अंधार पडल्यावर दोन तासांनी विजेरी घेऊन जा आणि दांड्याच्या खालच्या बाजूवरून पांढरा कागद घासून फिरवा. रक्ताचे ठिपके उमटले तर खात्री पटली. फटीपाशी करड्या भुकटीचा थर, अंड्यांच्या कवचावर लाल ठिपके, फिकट तुरे आणि संध्याकाळी खुराड्यात शिरायला नाखूश कोंबड्या ही बाकीची लक्षणे.

हा किडा चिमण्या, पारवे, साळुंक्या यांच्या घरट्यांतही असतो. मात्र घरटी पाडून त्याचा बंदोबस्त होत नाही, उलट तो वाढतो. पिल्ले असलेले घरटे छपरातून ओढून काढले की यजमान नाहीसा होतो आणि भुकेले किडे खाली कोंबड्यांवर, कधी माणसांवरही उतरतात. घरटे पिल्ले उडून जाईपर्यंत राहू द्यावे, रिकामे झाल्यावर लगेच पिशवीत भरून, तोंड बांधून काढावे आणि मग ती फट जाळीने किंवा गिलाव्याने बुजवावी. पाखरांना घरटे करायला आधीच जागा न ठेवणे हा उपाय आहे, बांधलेले मोडणे हा नव्हे. जाळीचे भोक पाऊण इंचापेक्षा मोठे असेल तर चिमणी सहज आत येते, हेही लक्षात असू द्यावे.

उबदार हवेत लाल किड्याचा जीवनक्रम सात ते दहा दिवसांत पुरा होतो आणि थंड हवेत तो कित्येक महिने उपाशी तग धरतो. तेव्हा खुराडे महिनाभर रिकामे ठेवले म्हणजे किडे मेले असे नाही. दांडे सुटे करून गरम साबणाच्या पाण्याने घासावेत, फटी बुजवाव्यात आणि औषध कोणतेही असो, आठवड्याने पुन्हा द्यावे, कारण पहिल्या वेळी अंडी वाचतात. पाण्यातून द्यायचे फ्लुरालानेर हे औषध याच कारणाने किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, सात दिवसांच्या अंतराने दोनदा असे देतात. शेतीची कीटकनाशके मात्र चुकूनही वापरू नयेत. २०१७ साली युरोपात लाल किड्यासाठी वापरलेल्या द्रव्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक निघाले आणि ते अंड्यांत उतरल्यामुळे लाखो अंडी नष्ट करावी लागली.

अंगावरच राहणारा दुसरा एक किडा आहे, त्यालाही रानपाखरे आणि उंदीर-घुशी आणू शकतात. तो गुदद्वाराभोवतीची पिसे काळपट, चिकट करतो आणि दिवसाही दिसतो. उवांचे तसे नाही; त्या बहुतेक ज्या पक्ष्याच्या असतात त्याच्याच असतात. पिसाच्या बुडाशी लिखांचे पांढरे गठ्ठे दिसले की दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने दोनदा उपचार करावा. पायाचे खवले उचलले जाऊन खरखरीत जाड झाले असतील तर तो खरजेचा किडा. कोमट साबणपाण्याने पाय धुऊन, खवले न उपटता, पेट्रोलियम जेलीचा जाड थर काही आठवडे लावत राहावा. गोचीड लाल किड्याप्रमाणेच रात्री येते, भिंतीच्या भेगांत लपते आणि कोंबड्यांत स्पायरोकीटोसिस नावाचा तापाचा जीवघेणा आजार पसरवते. तिथे भेगा बुजवल्याशिवाय इलाज नाही.

जंतांबाबत मात्र आळाची दिशाच उलटी करायला हवी, कारण इथे धोका बऱ्याचदा आपल्या कोंबड्यांकडून रानपाखरांकडे जातो. हेटेरॅकिस हा एक-दीड सेंटिमीटरचा पांढरा, बारीक जंत कोंबडीच्या अंधआंत्रात राहतो. कोंबडीला त्याचा त्रास जवळपास नसतो, म्हणून कोणी लक्षही देत नाही. पण त्याच्या अंड्यात हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय जीव दडलेला असतो. हा जीव उघड्यावर काही तासांत मरतो. जंताच्या अंड्यात मात्र वर्षानुवर्षे टिकतो. ते अंडे गांडूळ गिळते आणि गांडुळातही ते जिवंत राहते. पेटीत पेटी, तिच्यात आणखी एक पेटी, अशी ही रचना आहे. टर्कीने ते गांडूळ खाल्ले की आठवडा-दीड आठवड्यात गंधकासारखी पिवळी शीट सुरू होते, अंधआंत्रात घट्ट, चिवट गाभा तयार होतो, यकृतावर गोल, खोलगट चट्टे उठतात आणि कळपच्या कळप आडवा होतो. मोर आणि काही जातींचे तितर यांनाही हा आजार मारतो. बहुतेक देशांत त्यावर मान्यताप्राप्त औषध आज उपलब्ध नाही, कारण पूर्वीची औषधे माणसाच्या आरोग्याला घातक म्हणून मागे घेतली गेली.

इतिहासात याचे एक दुःखद उदाहरण आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर हीथ हेन नावाचा रानकोंबडीसारखा पक्षी एके काळी विपुल होता. शिकारीने तो मार्थाज व्हिनयार्ड या एका बेटापुरता उरला. १९०८ मध्ये तिथे राखीव क्षेत्र झाले, संख्या सावरली. १९१६ मध्ये आग लागली, त्यानंतर कडक हिवाळा आणि शिकारी पक्षी यांनी फटका दिला, आणि उरलेल्यांच्या ऱ्हासाच्या कारणांत पाळीव पक्ष्यांतून आलेला हाच आजार मोजला जातो. १९३२ साली शेवटचा पक्षी दिसला.

यावरून करायचे काय ते स्पष्ट आहे. ज्या जमिनीवर कोंबड्या फिरल्या तिथे टर्की किंवा मोर ठेवू नयेत. कोंबडीखत कच्चे असताना रानाच्या कडेला टाकू नये. ढीग करून, तो मधोमध ५५ अंशांच्या वर तापू द्यावा आणि बाहेरचा थर आत जाईल अशा रीतीने तीन-चारदा उलथावा, कारण कडेचा थंड थर तसाच राहिला तर जंतांची अंडी तिथे वाचतात. पाळलेले तितर-मोर 'निसर्गात सोडण्याचे' पुण्यकर्म तर अजिबात करू नये.

एस्कॅरिडिया हा मोठा गोल जंत सर्वांना माहीत असतो, कारण तो शिटेत दिसतो. मादी सात ते बारा सेंटिमीटर भरते. तिची अंडी जमिनीत दोन-तीन आठवड्यांत पिकतात आणि वर्षाहून अधिक टिकतात. तीन महिन्यांखालच्या पिल्लांना त्याचा खरा त्रास. खूप जंत झाले तर आतडे तुंबते. इथे दर महिन्याला डोळे मिटून जंतनाशक पाजण्याची सवय पडली आहे, ती सोडायला हवी. त्याने औषधाला न जुमानणारे जंत वाढतात. आधी शीट तपासावी. दहा-वीस कोंबड्यांची ताजी शीट थोडी थोडी एका डबीत घ्यावी, थंड ठेवावी, गोठवू नये. तपासणी अवघड नाही. कोमट पाण्यात मीठ विरघळेनासे होईपर्यंत घालावे, लिटरला सुमारे ४०० ग्रॅम लागते. दोन-तीन ग्रॅम शीट ३० मिलिलिटर द्रावणात कालवून चहाच्या गाळणीने गाळावी, अरुंद नळीत काठोकाठ भरावी, वर काचेची चकती ठेवावी आणि १०-१५ मिनिटांनी ती उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. अंडी तरंगून चकतीला चिकटलेली असतात. या रीतीने पट्टकृमी हा फितीसारखा चपटा जंत सापडत नाही, त्याचे तांदळाच्या कणीएवढे तुकडे शिटेवर डोळ्यांनीच शोधावे लागतात. एस्कॅरिडिया आणि हेटेरॅकिस यांची अंडीही सारखीच दिसतात. फरक कळायचा तर मेलेल्या कोंबडीचे अंधआंत्र टोकापर्यंत उघडून आतला ऐवज काळ्या ताटात पाण्याने पातळ करावा. हेटेरॅकिस असेल तर पांढऱ्या धाग्यांची वळवळ लगेच दिसते.

औषध निवडताना जंत कोणता हे म्हणूनच ठाऊक हवे. पायपरॅझिन एस्कॅरिडियावर चालते, हेटेरॅकिसवर भरवशाचे नाही आणि पट्टकृमीवर निरुपयोगी. फेनबेंडाझोल दोन्ही गोल जंतांवर चालते. मात्रा किलोमागे एक मिलिग्रॅम, रोज, पाच दिवस. सरासरी १.८ किलोच्या ५० कोंबड्या असतील तर एकूण वजन ९० किलो आणि दिवसाचे औषध ९० मिलिग्रॅम. २० टक्के द्रावण असेल तर ते अर्ध्या मिलिलिटरहूनही कमी होते, म्हणून सुई काढलेल्या पिचकारीनेच मापावे. पण हे औषध साध्या पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. पाण्यासाठी खास बनवलेले उत्पादन नसेल तर ते थोड्या खाद्यात नीट कालवून, मग सगळ्या खाद्यात मिसळावे. पिसे झडून नवी येण्याच्या काळात ते देऊ नये, नवी पिसे वाकडी येतात. आणि पारव्या-कबुतरांना, होल्यांना ते कोंबडीच्या हिशोबाने कधीही देऊ नये. त्यांच्यात विषबाधा होऊन मृत्यू झाल्याची नोंद आहे. अंडी-मांस किती दिवस वर्ज्य, हे वेष्टनावर लिहिलेले असते आणि पशुवैद्यकाला विचारून पक्के करावे.

पट्टकृमीला मुंगी, माशी, भुंगेरा किंवा गोगलगाय यांच्यातून फिरून यावे लागते. त्यामुळे औषध दिले आणि गादीतले भुंगेरे तसेच ठेवले तर काही आठवड्यांत पुन्हा तेच. मान ताणून, चोच वासून श्वास घेणारे पिल्लू पाहून सर्दी समजणारे पुष्कळ आहेत. श्वासनलिका उघडली तर आत नर-मादी कायमचे जोडलेले, इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे लाल जंत निघतात. हाही गांडुळे आणि गोगलगाईंतून येतो, आणि साळुंकीच्या कुळातले पक्षी, कावळे, तितर यांच्यातही असतो.

पाखरांना दाणापाणी ठेवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. ट्रायकोमोनास गॅलिनी हा जीव पारव्यांच्या घशात राहतो आणि पिल्लांना भरवताना अन्नपिशवीत तयार होणाऱ्या दुधासारख्या द्रवातून पुढे जातो. घशात पिवळा, चीजसारखा थर चढतो, पक्षी दाणा उचलतो आणि पुन्हा टाकतो, लाळ गळते, मान भिजते. तो गिळायचा प्रयत्न करतो तेव्हा लाळ लागलेले दाणे आणि पाणी मागे राहते आणि पुढच्या पक्ष्याला लागण होते. ब्रिटनमध्ये २००५ पासून हा आजार ग्रीनफिंच या छोट्या पक्ष्यात पसरला. काही वर्षांतच त्यांची संख्या सुमारे ४३ लाखांवरून २८ लाखांवर आली आणि २०२१ मध्ये तो पक्षी तिथल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. पारवे खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांनाही हा आजार होतो. जखमी ससाण्याला पारव्याचे डोके, मान आणि अन्नपिशवी देऊ नये.

हा जीव कोरड्यात फार टिकत नाही, ही आपली बाजू. ओल्या दाण्यात तो काही दिवस जगतो. म्हणून दाणा संध्याकाळपर्यंत संपेल इतकाच ठेवावा, सपाट थाळीत ढीग करू नये, उरलेला ओला दाणा काढून टाकावा, पाणी रोज बदलावे आणि भांडे पूर्ण वाळू द्यावे. आठवड्यातून एकदा घासून, एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटे बुडवून, स्वच्छ धुऊन वाळवावे. एखादा पक्षी फुगून बसलेला, उडायला नाखूश, ओल्या चोचीचा दिसला तर दाणापाणी निदान दोन ते चार आठवडे बंद ठेवावे, म्हणजे पाखरे पांगतील. दाणा बंद करणे क्रूर वाटते हे आम्ही जाणतो, पण त्या वेळी गर्दी जमवणे जास्त क्रूर आहे. निदानासाठी घशातला फाया कोमट सलाइनमध्ये घेऊन लगेच पाहावा. थंड झाला की जीव हालचाल थांबवतात आणि ओळखू येत नाहीत. देवीचे फोड, बुरशी आणि जीवनसत्त्व अ ची कमतरता यांतही घशात असाच थर दिसतो.

डासांचाही उल्लेख हवा. पक्ष्यांचा हिवताप क्युलेक्स डासातून पसरतो, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९८ मध्ये कोलकात्यात पाखरांवरच सिद्ध केले. हवाई बेटांवर १८२६ च्या सुमारास जहाजातून हा डास पोचला, पुढे परोपजीवीही आला, आणि तिथल्या पक्ष्यांना त्याची सवयच नव्हती. २०२३ मध्ये तिथल्या आठ वनपक्ष्यांना नामशेष ठरवण्यात आले. हिवताप हे त्यामागच्या मुख्य कारणांपैकी एक. हा डास घाण पाण्यात वाढतो. कोंबड्यांच्या खुराड्यामागचे पिंप, तुंबलेली मोरी, भांड्यांतले साचलेले पाणी आठवड्यातून एकदा उपसले तर त्याची पिढी पुरी होत नाही.

माणसाला यातले बहुतेक जीव लागत नाहीत. लाल किडा चावतो आणि खाज सुटते. मोकळ्यावर चरणाऱ्या कोंबडीच्या मांसात टॉक्सोप्लाझ्मा असू शकतो, तो पूर्ण शिजवल्यावर मरतो. कच्चे मांस हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक मागणी. रानपाखरे किंवा कोंबड्या मेल्याच्या बातमीत निदान काय झाले आणि ते कशावरून झाले, हे वार्ताहरांनी जरूर विचारावे. शवविच्छेदन झाले का, घसा आणि अंधआंत्र पाहिले का, हे दोन प्रश्न पुरेत. एकाच वेळी बरेच पक्षी मेले असतील तर कोणीही ते उघडू नयेत, हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवावे. एखाद-दुसरा पक्षी असेल तर हातमोजे घालून दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधावा, बर्फाच्या पिशव्यांसोबत थंड ठेवावा पण गोठवू नये, आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवावा. सोबतच्या चिठ्ठीवर पक्षी कुठे, कधी आणि कोणत्या अवस्थेत सापडला, आजूबाजूला दाणापाणी किंवा कोंबड्या आहेत का आणि कोणते औषध दिले होते, एवढे लिहावे.

आपले विश्वासू,
पक्षिवैद्यक क्षेत्रात काम करणारे काही वाचक